बालवाडीत जातो धाकटा, शाळेत पोचते थोरली

आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाच्या दक्षिण भागात गाझा नावाचा प्रांत आहे. तिथल्या ३० खेड्यांत २००८ साली ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने बालवाड्या सुरू केल्या. पात्र खेडी ७६ होती. त्यातून ही ३० चक्क सोडत काढून निवडली. त्यामुळे बालवाडी मिळालेल्या आणि न मिळालेल्या गावांची तुलना चोख करता आली.

जागा गावाने दिली, बांधकामाला हातही गावानेच लावले. वर्गात पस्तीसेक मुलं आणि त्याच गावातले दोन शिक्षक. त्यांना आपल्या अंगणवाडीताईंसारखंच तुटपुंजं मानधन. रोज सव्वातीन तास गाणी, गोष्टी, आकार ओळखणं, हात धुणं, आणि बोलणं मुख्यतः घरच्या भाषेत, चांगाना बोलीत. पालकांच्याही बैठका व्हायच्या. मुलामागे महिन्याचा खर्च अडीच डॉलरच्या आतला.

दोन वर्षांनी पाहिलं तर बालवाडीत गेलेल्या मुलांचं प्राथमिक शाळेत दाखल होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा २४ टक्के अंकांनी, म्हणजे दर शंभरात २४ मुलांनी, जास्त होतं. आकडे, लिहिणं यांत त्यांना जास्त गोडी होती. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र घरात घडलेलं. धाकट्याला सांभाळायला घरी अडकलेली दहा ते चौदा वर्षांची भावंडं शाळेत जाऊ लागली. महिनाभरात कमाईचं काही काम केलेल्या पालकांचं प्रमाणही २६ टक्क्यांनी वाढलं.

मुलांची उंची मात्र वाढली नाही, शब्दसंग्रहातही ठळक फरक दिसला नाही. उंचीचं कारण उघड आहे. वाढ खुंटते ती मुख्यतः गर्भारपणापासून दोन वर्षांपर्यंत, आणि ही मुलं बालवाडीत आली तिसऱ्या वर्षानंतर. त्यांच्या वाट्याचं पोषण आधीच हुकलेलं होतं.

शेजारच्या मलावी देशातला अनुभव आणखी विचार करायला लावणारा आहे. तिथे गावकऱ्यांच्या बालकेंद्रांतल्या शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण दिलं, तर मुलांमध्ये फरक पडला नाही. सोबत पालकांनाही शिकवलं, तेव्हा दीड वर्षाने भाषा आणि वागणूक दोन्ही सुधारली. तीन वर्षांनी ती आघाडी उरली नव्हती. त्यासाठी बालकेंद्रांना दोष देणं मला पटत नाही. मलावीत पहिलीच्या एकेका वर्गात कित्येकदा शंभरावर मुलं असतात. तिथे प्रत्येकाकडे लक्ष देणं एकट्या शिक्षकाला जमणारच नाही. बालवाडीवर पैसा घालणाऱ्या सरकारांनी पहिलीचा वर्गही त्याच हिशेबात धरायला हवा.