मका वाळवण, नैसर्गिक हवेने

मक्याचे ओले दाणे कोठीतच ठेवून, न तापवलेली बाहेरची हवा पंख्याने त्यांतून अखंड खेळवत त्यांना साठवणयोग्य करण्याची पद्धत. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत, विशेषतः मिनेसोटा, आयोवा, नॉर्थ डकोटा यांसारख्या थंड व कोरड्या शरदाच्या राज्यांत ती रुळली. वायुवीजन वेगळे. त्यात दाणे फक्त थंड करायचे असतात आणि या पद्धतीच्या सुमारे एकदशांश हवा पुरते.

उगम : पूर्वी सबंध कणसे फटींच्या लाकडी कोठ्यांत वाऱ्यावर वाळत. कापणीबरोबरच दाणे सोडवणारी यंत्रे साधारण 1950 नंतर पसरू लागली आणि ओल्या दाण्यांच्या दाट थरातून वारा आपोआप जाईना. काही लेखक या पद्धतीचा आरंभ 1973 नंतरच्या इंधनटंचाईशी जोडतात. परंतु अमेरिकी कृषी अभियंते विल्यम हुकिल यांनी जाड थराच्या वाळवणीचे गणित 1947 मध्ये मांडले होते आणि सी. के. शेड यांची धान्यातील हवेच्या अडथळ्याची मोजमापे 1953 मध्ये प्रसिद्ध झाली होती. टंचाईमुळे प्रसाराला जोर आला, उगम मात्र त्याआधीचा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

तत्त्व : दाणा आसपासच्या हवेशी ओलाव्याचा समतोल साधतो. 10° सें. तापमान व 70 टक्के सापेक्ष आर्द्रता असताना मक्याचा समतोल ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास असतो. पंख्यातून जाताना हवा 1 ते 1.5° सें. तापते व तिची सापेक्ष आर्द्रता काही टक्के उतरते. म्हणून हिशेब कोठीच्या छिद्रित फरशीखालून दाण्यांत शिरणाऱ्या हवेचा करावा, अंगणातल्या नव्हे. एक टन मका 20 वरून 15 टक्क्यांवर आणताना सुमारे 59 किग्रॅ. पाणी बाहेर पडते. वाळवण तळापासून सुरू होते. वाळता पट्टा, म्हणजे त्या वेळी दाणे वाळत असलेला थर, हळूहळू वर सरकतो आणि त्याच्या वरचे दाणे शेवटपर्यंत ओलेच राहतात. बुरशी लागण्याआधी पट्टा माथ्यावर पोचणे, यावर सारे यश अवलंबून असते. शुष्क पदार्थाची (दाण्यातील पाणी वगळता उरणाऱ्या भागाची) 0.5 टक्का घट ही खराबीची रूढ मर्यादा मानली जाते.

रचना : कोठीचा सबंध तळ छिद्रित पत्र्याचा हवा. तळावर नुसत्या हवेच्या नळ्या टाकून पुरत नाही. दर टनाला मिनिटाला 1.1 ते 1.4 घ.मी. हवा लागते आणि सुरुवातीचा ओलावा 21 टक्क्यांच्या आत असावा. थराची उंची 5 ते 6 मी. पर्यंत ठीक. टनामागची हवा तेवढीच ठेवून उंची दुप्पट केली, तर पंख्याला द्यावा लागणारा दाब सुमारे पाचपट होतो. छपराला दर 300 घ.मी. प्रतिमिनिट हवेमागे निदान 1 चौ.मी. मोकळी वाट ठेवावी. ती कमी पडली, तर बाष्प छपराच्या पत्र्याला लागून ठिबकते आणि वरचा थर पुन्हा भिजतो.

पंख्याचा प्रश्न : रात्री व पावसात पंखा बंद करावा काय, यावर मतभेद आहेत. खंडित चालवणीचे समर्थक वीज वाचते व तळाचा मका पुन्हा ओला होत नाही असे सांगतात. पण पंखा थांबला की पट्टाही थांबतो आणि वरचे ओले दाणे श्वसनाने तापू लागतात. तळाचा अल्पसा ओलावा कोरडी हवा आल्यावर निघून जातो, माथ्याची बुरशी निघत नाही. माथा वाळेपर्यंत अखंड चालवणेच श्रेयस्कर. ऑक्टोबरात 20–21 टक्के मक्याला बहुधा पाच ते सात आठवडे लागतात. बाहेरचे सरासरी तापमान 4° सें.च्या खाली गेल्यावर मात्र वाळवण जवळपास थंडावते. तेव्हा मका गोठणबिंदूखाली थंड करून पंखा बंद ठेवतात व उरलेले काम वसंतात पुरे करतात.

दोष : भरताना चुरा व कणी भरणीच्या नळाखाली मधोमध साचतात, हवा कडेने निसटते आणि गाभा ओला राहतो. उपाय म्हणजे भरण्याआधी चाळणे, आणि भरल्यावर मधला मका थोडा काढून माथा सपाट करणे. उंच टोकाचा ढीग तसाच ठेवल्यास टोकाखाली हवा मंदावते. आठवड्यातून एकदा तरी माथ्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. दाणे गारच लागले पाहिजेत. ऊब, कुबट वास किंवा चिकटलेली ढेपळे आढळल्यास तेवढा मका ताबडतोब काढावा. थंड दाण्यावर ओलावामापक चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून नमुना बंद पिशवीत खोलीच्या तापमानाला आणूनच मोजावा.