एचडब्ल्यू मालिका : ब्रिटिश युद्धकालीन गुप्त कागदांचं सार्वजनिक दफ्तरात हस्तांतर

एचडब्ल्यू हा लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातला एक विभाग-संकेत आहे. जीसीएचक्यू ही ब्रिटनची संदेश-हेरगिरी करणारी संस्था आणि तिची पूर्वसुरी, म्हणजे महायुद्धात ब्लेचली पार्कला बसलेली जीसी अँड सीएस, यांनी सार्वजनिक दफ्तराकडे सोपवलेले कागद या संकेताखाली ठेवलेत. पंतप्रधान चर्चिल यांच्याकडे रोज जाणारे उकललेले संदेश एचडब्ल्यू १ मध्ये आहेत, परदेशी वकिलातींचे एचडब्ल्यू १२ मध्ये, जर्मन पोलीस आणि एसएस (नाझी पक्षाचं सशस्त्र दल) यांचे एचडब्ल्यू १६ मध्ये, आणि संकेतशास्त्रावरचे तांत्रिक अहवाल एचडब्ल्यू २५ मध्ये. क्यूच्या या संस्थेचं नाव २००३ पर्यंत पब्लिक रेकॉर्ड ऑफिस असं होतं, त्यामुळे जुन्या संदर्भांत तेच सापडतं.

इथे तीन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होतं. गुप्ततेचा शिक्का काढणं ही एक, कागद खात्याच्या कपाटातून दफ्तरखान्यात जाणं ही दुसरी, आणि वाचकाला तो टेबलावर मिळणं ही तिसरी, आणि या तिन्हींच्या तारखा एकच असतील असं अजिबात नाही. १९५८ च्या पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टप्रमाणे निवडलेले कागद ३० वर्षांच्या आत दफ्तराकडे द्यायचे आणि ५० वर्षांनी लोकांना खुले करायचे असं होतं. १९६७ च्या दुरुस्तीने खुलं करण्याची मुदत ३० वर्षांवर आणली, २०१० च्या कायद्याने २० वर, आणि तो बदल २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. पण मूळ कायद्याच्या कलम ३(४) मध्ये मंजुरी घेऊन कागद खात्याकडेच ठेवून घ्यायची सोय आहे आणि गुप्तहेर खात्यांचा सगळा कारभार त्या सोयीवरच चालत आलाय. आजही एखादी फाइल चाळताना मधेच पान काढून त्या जागी याच कलमाचा उल्लेख असलेली चिठ्ठी लावलेली दिसते.

एवढी वर्षं हे कागद का दाबून ठेवले यावर बरंच लिहिलं गेलंय. एक मत असं की युद्धानंतर एनिग्मासारखी, म्हणजे जर्मन सैन्य वापरायचं तशी, सांकेतिक लिपीची मशीन्स इतर देश वापरत राहिले, त्यांचे संदेश ब्रिटनला वाचता येत होते आणि म्हणून तोंड बंद ठेवणं फायद्याचं होतं. हे मत वारंवार सांगितलं जातं पण त्याला कागदी आधार तोकडा आहे. उलट १९४५ च्या उन्हाळ्यात सरकारी इतिहासकारांना या माहितीचा वापर कितपत करू द्यायचा यावर संयुक्त गुप्तवार्ता समितीत जी चर्चा झाली तिचे कागद समोर आहेत आणि त्यात दोन कारणं स्पष्ट दिसतात : पुढचा शत्रू सावध होईल, आणि आपण लढाईत सरळ हरलोच नाही असं म्हणायला जर्मनांना जागा मिळेल. पहिल्या महायुद्धानंतर पाठीत खंजीर खुपसल्याच्या, म्हणजे सैन्य हरलं नाही तर घरच्यांनीच दगा दिला या कथेने जर्मनीत काय केलं ते सगळ्यांच्या ताज्या आठवणीत होतं. या नोंदीत म्हणून समितीच्या कागदांतलं स्पष्टीकरणच जास्त भरवशाचं मानलंय.

ब्लेचलीत शत्रूचे संदेश वाचले जात होते हे गुपित फुटलं ते १९७४ मध्ये, विंटरबोथम या माजी हवाईदल अधिकाऱ्याच्या पुस्तकामुळे. त्यांनी ते बरंचसं आठवणीवर लिहिलं होतं आणि कोव्हेंट्रीवरचा १४ नोव्हेंबर १९४० चा हवाई हल्ला चर्चिलना आधी कळला होता, तरी गुपित जपायला त्यांनी शहर जळू दिलं, ही गोष्ट तिथूनच घराघरात पोचली. नंतर कागद खुले झाले तेव्हा मोठा हल्ला येतोय हे माहीत होतं पण लक्ष्य कोणतं याचा अंदाज चुकला होता असं चित्र समोर आलं आणि बहुतेक अभ्यासक आता तेच धरतात. हस्तांतर म्हणजे नुसती खोकी हलवणं नव्हे ते इथे दिसतं, एका माणसावरचा भयंकर आरोप तपासायला कागदच लागले.

ब्लेचलीहून लढाईच्या आघाड्यांवर आणि नौदलाकडे गेलेल्या संदेशांचे अनुवाद १९७७ पासून क्यूला खुले होऊ लागले, पण ते डीईएफई ३ या संरक्षण खात्याच्या संकेताखाली. त्यामुळे हस्तांतराची सुरुवात १९७७ ला मानायची की १९९३ ला असा वाद राहतो. जीसीएचक्यूचं स्वतःचं दफ्तर म्हणून एचडब्ल्यू १९९३ नंतर बाहेर येऊ लागलं, त्या वर्षी सरकारने मोकळ्या कारभाराची श्वेतपत्रिका काढली होती त्या धोरणाचा भाग म्हणून, तेव्हा या मालिकेपुरतं १९९३ च धरणं योग्य. ब्लेचलीतलं कोलोसस हे गणनयंत्र ज्या टनी या जर्मन टेलिप्रिंटर संकेतावर चालवलं त्याचा १९४५ चा मोठा अहवाल मात्र २००० साली खुला झाला, आणि अ‍ॅलन ट्युरिंग यांचे दोन गणिती निबंध तर २०१२ मध्ये.

सगळ्यात जास्त चर्चा एचडब्ल्यू १६ ची झालीय आणि ती व्हायलाच हवी. या संदेशांच्या प्रती अमेरिकेच्या एनएसएने (तिथली संदेश-हेरगिरी संस्था) १९९६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराला दिलेल्या प्रचंड संग्रहात आधी दिसल्या आणि ब्रिटनने आपल्या फाइली १९९७ ला खुल्या केल्या, म्हणजे ब्रिटिश गुपित वॉशिंग्टनमार्गे बाहेर पडलं. पूर्व आघाडीवर जर्मन पोलीस तुकड्या रोज किती ज्यूंना गोळ्या घालतायत याचे आकडे १९४१ च्या उन्हाळ्यातच ब्लेचलीत वाचले जात होते हे त्यातून कागदावर दिसलं. सप्टेंबर १९४१ मध्ये पोलीस प्रमुख डालुएगे यांनी असे आकडे रेडिओवरून पाठवू नका असा हुकूम काढला.

त्याच मालिकेतल्या एचडब्ल्यू १६/२३ या फाइलीत ११ जानेवारी १९४३ चा एक संदेश आहे, जो २००० साली लक्षात आला आणि पुढच्या वर्षी पीटर विटे व स्टीफन टायस यांनी छापला. व्याप्त पोलंडमधल्या ज्यूंना छावण्यांत मारण्याच्या ‘राइनहार्ड’ मोहिमेतला एसएस अधिकारी हर्मान होफ्ले याने लुब्लिनहून पाठवलेला. बर्लिनला आइशमानच्या (ज्यूंच्या हद्दपारीचं काम बघणारा एसएस अधिकारी) नावे गेलेल्या प्रतीचा फक्त वरचा भाग पकडला गेला, पुढचं निसटलं अशी नोंद तिथेच आहे, पण पाच मिनिटांनी क्राकोला गेलेली प्रत आकड्यांसकट मिळाली. १९४२ अखेरपर्यंत छावण्यांत आणलेल्या ज्यूंचे ते आकडे : एल २४,७३३, बी ४,३४,५०८, एस १,०१,३७०, टी ७१,३५५, एकूण १२,७४,१६६. बेरीज करून बघितली तर ६,३१,९६६ च येते, जमत नाही. टीचा आकडा ७,१३,५५५ घेतला की बरोबर जमते, म्हणजे कुठेतरी एक ५ गळला, आणि हीच दुरुस्ती आता सर्वमान्य आहे. बी, एस, टी म्हणजे बेल्झेत्स, सोबिबोर, ट्रेब्लिंका याबद्दल वाद नाही. एल म्हणजे लुब्लिनजवळचं मायदानेक हे वाचन बहुतेकांना पटतं, पण मायदानेक या मोहिमेत नक्की कसं बसवायचं यावर थोडे मतभेद आहेत. एकूण आकडा एसएसच्या कोरहेर अहवालातल्या आकड्याशी तंतोतंत जुळतो. १९४३ मध्ये हा कागद उकलणाऱ्यांना ही अक्षरं आणि आकडे कशाचे ते कळलं नसावं असं विटे आणि टायस यांचं मत आहे आणि ते रास्त वाटतं, कारण संदेशात छावणीचं पूर्ण नाव कुठेच नाही. साडेबारा लाखांवर माणसं एका ओळीत मावलेली, आणि ती ओळ सत्तावन्न वर्षं कोणाच्या नजरेत भरली नाही.

इतर खात्यांचं थोडक्यात : एसओईच्या (युद्धकाळात शत्रूच्या ताब्यातल्या देशांत घातपात करणारी संस्था) फाइली एचएस संकेताखाली १९९३ पासून आणि देशांतर्गत सुरक्षा बघणाऱ्या एमआय ५ च्या केव्ही संकेताखाली १९९७ पासून येतायत. परदेशी हेरगिरी करणारी एमआय ६ स्वतःचं दफ्तर देतच नाही, त्यांचे कागद सापडतात ते दुसऱ्या खात्यांच्या फाइलीत अडकलेले.

भारताशी संबंधित कागद विखुरलेले आहेत. भारतीय क्रांतिकारकांवर पाळत ठेवणाऱ्या इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्सच्या फाइली क्यूला नसून ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. आझाद हिंद फौजेच्या ९९० फाइली संरक्षण मंत्रालयाने १९९७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे दिल्या. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य दफ्तरखान्यात गृह खात्याच्या स्पेशल शाखेच्या फाइली आहेत, त्यात साताऱ्याच्या प्रतिसरकारवरचे पोलिसांचे रिपोर्टही येतात.