ट्युटोरियल की हाऊ-टू? डॉक्युमेंटेशन लिहायला बसण्याआधी

ओपन सोर्स प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्यांदाच भर घालणाऱ्याची पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) अनेकदा चुकीच्या माहितीमुळे अडकत नाही. माहिती बरोबर असते, पायऱ्याही चालतात. पण ट्युटोरियल आणि हाऊ-टू यांची सरमिसळ झालेली असते. दोन्हीत क्रमवार पायऱ्या आणि स्क्रीनशॉट असतात, त्यामुळे ती एकच वाटतात. डॅनिएल प्रोचिदा यांच्या डायटॅक्सिस मांडणीत डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार येतात: ट्युटोरियल, हाऊ-टू, संदर्भ आणि विवेचन. त्यातली ही जोडी सगळ्यात फसवी.

‘सोपं असेल ते ट्युटोरियल, अवघड असेल ते हाऊ-टू’ ही समजूत आधी सोडून द्यावी. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: काम कुणी ठरवलंय? ट्युटोरियलचा वाचक शिकायला आलेला असतो. काय करायचं ते लेखक ठरवतो, आणि ते शेवटपर्यंत पार पडेल ही जबाबदारीही लेखकाचीच. हाऊ-टूचा वाचक स्वतःचं काम, स्वतःचा डेटा घेऊन येतो. त्याला सॉफ्टवेअर वापरता येतं, फक्त एका ठिकाणी वाट हवी असते.

क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरमधलं एकच काम दोन्ही प्रकारे लिहून पाहू. ठाण्यातल्या मासुंदा, उपवन आणि कचराळी या तलावांभोवती ५०० मीटरचा पट्टा, म्हणजे बफर, आखायचा आहे.

ट्युटोरियल लिहायचं तर तिन्ही तलावांची जिओपॅकेज फाइल (नकाशाचा डेटा साठवणारी फाइल) तयार करून सोबत द्यावी. ‘ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही बदलता येणाऱ्या नकाशावरून डेटा उतरवा’ ही पहिली पायरी ठेवली, की सर्व्हर व्यस्त असताना किंवा कुणी तलावाची कड बदलल्यावर वाचकाला वेगळंच काही दिसतं, आणि नवख्याला वाटतं आपलंच चुकलं. (फाइल ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवली असेल तर श्रेयाची ओळ आणि ओडीबीएल या त्याच्या डेटा परवान्याचा उल्लेख विसरू नये.) पुढे ‘रीप्रोजेक्ट लेअर’ (लेअर, म्हणजे नकाशाचा थर, दुसऱ्या निर्देशांक प्रणालीत नेणारं साधन) उघडा, ईपीएसजी ३२६४३ (प्रणालीचा क्रमांक) निवडा, ‘रन’ दाबा. लगेच काय दिसेल तेही सांगा: डावीकडच्या लेअर्स पॅनेलमध्ये ‘रीप्रोजेक्टेड’ नावाची नवी लेअर. मग त्या लेअरवर ‘बफर’, अंतर ५००, एकक मीटर. ३२६४३ म्हणजे काय, यावर एक वाक्य पुरे: या प्रणालीत अंतर मीटरमध्ये मोजलं जातं. बाकीचं विवेचनाच्या पानावर. ‘हवी असल्यास दुसरी प्रणाली निवडा’ असं तर अजिबात लिहू नये. ज्याला पहिली प्रणाली कळलेली नाही तो निवड कशाच्या आधारावर करणार? शेवटी लेअर जतन करायला लावा. नव्या लेअर तात्पुरत्या असतात आणि क्यूजीआयएस बंद केलं की जातात.

हाऊ-टूचं शीर्षकच निराळं: ‘अक्षांश-रेखांशातल्या लेअरभोवती मीटरमध्ये बफर कसा काढावा’. इथे मासुंदा नको, नमुना फाइल नको आणि क्यूजीआयएस कसं उघडायचं तेही नको. इथे निवड हवी. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशात, म्हणजे ठाणे, नवी मुंबई, पुणे इथे, यूटीएम या मीटरमधल्या प्रणालीचा ४३ उत्तर विभाग, ईपीएसजी ३२६४३. ७८ अंशांच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर किंवा चंद्रपूरला, ३२६४४.

आणि इथेच चुका नोंदवाव्यात, कारण वाचक बहुधा चूक झाल्यावरच या पानावर येतो. लेअर ४३२६ मध्येच, म्हणजे अक्षांश-रेखांशातच, ठेवून ५०० लिहिलं तर ते ५०० अंश होतात आणि अख्खी पृथ्वी झाकणारा आकार उमटतो. दुसरी चूक जास्त छुपी. ‘रीप्रोजेक्ट’ऐवजी ‘सेट लेअर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशांक प्रणाली) वापरलं, तर आकडे तेच राहतात आणि फक्त त्यांच्यावरची चिठ्ठी बदलते. ७२.९७ आणि १९.१९ हे अंश मीटर म्हणून वाचले जातात आणि ठाण्याचा तलाव विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरात जाऊन पडतो. बफरचं एकक मात्र आता मीटर दिसतं, म्हणून सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. हाऊ-टूमध्ये हा परिच्छेद सोन्याच्या मोलाचा. ट्युटोरियलमध्ये घातला तर शिकणारा भांबावतो.

तपासणीही वेगवेगळी करावी. ट्युटोरियल नव्या इन्स्टॉलेशनवर, क्यूजीआयएस कधीच न उघडलेल्या माणसाकडून करून घ्यावं. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतला अनुभवी सहकारी इथे उपयोगाचा नाही. गाळलेली पायरी तो नकळत स्वतःच भरतो. एखाद्या कॉलेजातली पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी बसवावी, आपण गप्प राहावं आणि ती कुठे थांबते ते टिपावं. हाऊ-टू मात्र त्या सहकाऱ्याकडेच द्यावं, पण त्याच्या स्वतःच्या डेटावर. ट्युटोरियलला देखभालही जास्त लागते: मेन्यूतलं एक नाव बदललं तरी ते मोडतं. म्हणून क्यूजीआयएसची कोणती एलटीआर (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती धरली आहे ते पहिल्याच ओळीत लिहावं.

कोणतं पान कुठे ठेवायचं, ते प्रकल्पाचे फोल्डर पाहून ठरवा. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये मतदानाच्या ॲपचं ट्युटोरियल ‘इंट्रो’ फोल्डरमध्ये आहे आणि ‘हाऊ-टू’ वेगळं आहे. पण फोल्डरच्या नावावर डोळे झाकून विसंबू नका. पायथन भाषेचं रेग्युलर एक्स्प्रेशनवरचं (मजकुरातले नमुने शोधण्याच्या पद्धतीवरचं) पान ‘हाऊ-टू’मध्ये बसलेलं आहे आणि पहिल्याच वाक्यात स्वतःला प्राथमिक ट्युटोरियल म्हणवतं.

आधीच सरमिसळ झालेलं पान सापडलं तर थेट पुल रिक्वेस्ट पाठवू नका. आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची चर्चेची नोंद) उघडा, कोणता भाग कुठे जाईल ते लिहा आणि मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) होकार घ्या. मगच पान फोडा. एका रिक्वेस्टमध्ये फक्त मजकूर हलवा, वाक्यं सुधारायची ती दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये. नाहीतर तपासणाऱ्याला काय हललं आणि काय बदललं ते वेगळं काढता येत नाही. स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणारं साधन वापरणाऱ्या प्रकल्पात मथळ्यावरचं लेबल मजकुराबरोबर न्यावं, कारण इतर पानं त्याच लेबलने जोडलेली असतात. पाठवण्याआधी आपल्या मशीनवर बिल्ड (पानं तयार करण्याची प्रक्रिया) चालवा आणि ‘अनडिफाइंड लेबल’ची सूचना एकदाही येत नाही ना, ते पाहा.