'ब्लेंडेड' शब्द यायच्या आधीचं ब्लेंडेड

ऑनलाइन शिक्षणाची गोष्ट आपण मार्च २०२० पासून सांगायला लागतो. यवतमाळ-वाशिमकडे ती त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती, फक्त तिला 'ब्लेंडेड', म्हणजे थोडं पडद्यावरचं अन् थोडं समोरच्या माणसाकडून असं मिश्र शिक्षण, असं भारी नाव नव्हतं.

उपग्रहावरून खेड्यात टीव्ही पोचवणारा 'साइट' प्रयोग १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर आले, तेही बहुतेक इंग्रजीत.

मधल्या काळात, १९८३ पासून, राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. शेगाव आणि पुसदची त्याच वर्षीची. जागा वाढल्या, पण तालुक्याला येऊन टिकणारे प्राध्यापक तेवढे कुठून येणार? पुढे पडद्यावरच्या मास्तरांची गरज पडली ती या तुटीमुळेच, असं मला वाटतं.

आमच्या भागात पहिलं खरं मिश्र शिक्षण आलं ते एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या प्राथमिक कोर्सच्या रूपात, २००१ मध्ये. झेरॉक्सच्या दुकानावरची माडी, आठ-दहा कॉम्प्युटर, बाहेर चपलांचा ढीग. धडा पडद्यावर चालायचा आणि मागं सर उभे. माउस धरलेल्या हातावर हात ठेवून 'डबल क्लिक' शिकवायचे. भारनियमनाची वेळ झाली की सगळे यूपीएस एका सुरात टींटीं करायचे, अन् पोरं घाईघाईनं फाइल सेव्ह करायची. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून गर्दी होती हे खरं, पण शिकवण्याची ती पद्धत बरोबर होती.

इंजिनिअरिंगची व्याख्यानं व्हिडिओवर देणारं एनपीटीईएल २००३ मध्ये सुरू झालं. सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी त्यात होत्या. सुरुवातीला नेट एवढं रडकं की कॉलेजं व्याख्यानं हार्ड डिस्कवर मागवत. २०१४ पासून प्रमाणपत्राचे कोर्स आले, २०१७ मध्ये केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल 'स्वयम्' आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ मध्ये जिओ आल्यामुळे वावरात बसूनही व्हिडिओ दिसू लागला. पदवीसाठी 'स्वयम्'वरून घेता येणाऱ्या क्रेडिटची (श्रेयांकांची) मर्यादा २०१६ च्या नियमात २० टक्के होती, २०२१ मध्ये यूजीसीनं ती ४० टक्क्यांवर नेली.

लॉकडाऊनमध्ये मात्र आम्ही उलटंच केलं. पडदा ठेवला, शेजारचा माणूस काढला. मी तेव्हा मेकॅनिकलच्या पोरांना लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायचं यंत्र, फोनवर शिकवला. एक जण रेंजसाठी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून तास करायचा. कॉलेज उघडल्यावर त्यानं लेथवरची कामं, फेसिंग, टर्निंग, नर्लिंग, सगळी घडाघडा सांगितली. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब (धातूचा तुकडा) आवळला आणि आवळायची चावी तशीच चकमध्ये ठेवून स्विचकडे हात नेला. मशीन सुरू झालं असतं तर ती चावी उडून अंगावर आली असती. मी ओरडलो म्हणून बरं. ही चूक व्हर्च्युअल लॅबमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रयोगशाळेत, केली असती तर काहीच झालं नसतं, आणि नेमकी तीच अडचण आहे.

त्यामुळे आता व्याख्यानं रेकॉर्ड करायच्या नवीन स्टुडिओचे प्रस्ताव आले की मी वर्कशॉप इन्स्ट्रक्टरच्या रिकाम्या जागांचं विचारतो. थिअरी पोरं घरून ऐकून येतील, त्यांना ते जमतं. मराठीत मिळाली तर आणखी बरं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'नं, म्हणजे भारतीय भाषांतून सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या छोट्या व्हिडिओंनी, ती वाट कधीच दाखवली आहे. व्याख्यानात वाचलेले तास लेथवर लावायचे, तर पंधरा पोरांमागं एक मशीन आणि एक माणूस तरी हवा. सध्या आमच्याकडे चालू लेथ दोन आहेत.