दुचाकीच्या ऑइलला वेगळे मानक का लागले

म्हापशाच्या बसस्थानकाबाहेर पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकली घेऊन उभे असलेले पायलट, म्हणजे मागे गिऱ्हाईक बसवून भाडे मारणारे चालक, ऑइल बदलताना गॅरेजवाल्याला बहुधा एकच आकडा सांगतात: २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०. या आकड्यातून ऑइलचा दाटपणा तेवढा कळतो. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली ‘जासो एमए२’ ही जपानी मानकाची खूण माझ्या मते तितकीच पाहण्याजोगी आहे, आणि तिचे मूळ मोटारींच्या ऑइलमध्ये झालेल्या बदलांत आहे.

इंजिनाची झीज रोखण्यासाठी ऑइलमध्ये झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, म्हणजेच झेडडीडीपी, हे द्रव्य घालतात. १९४०च्या दशकात ते वापरात आले ते ऑइल लवकर खराब होऊ नये आणि बेअरिंगांचा धातू खाल्ला जाऊ नये म्हणून. झीज थोपवण्याचा त्याचा मोठा गुण पुढे लक्षात आला. इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या कॅमचा उंचवटा रॉकर या दांडीवर दाबून घासतो तेव्हा त्या उष्णतेने आणि दाबाने हे द्रव्य मोडते आणि लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा थर धरतो. हा थर जेमतेम मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका जाड असतो. तो घासून जातो, पुन्हा बनतो, आणि खालचा धातू शाबूत राहतो.

अडचण त्यातल्या फॉस्फरसची झाली. ऑइलचा जो थोडा अंश इंजिनात जळतो, त्याबरोबर फॉस्फरस सायलेन्सरकडे जातो आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून त्याला निकामी करत जातो. म्हणून अमेरिकेच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या ऑइलच्या वर्गवारीत पातळ ऑइलमधील फॉस्फरसची मर्यादा उतरत गेली आणि २००४च्या ‘एसएम’ दर्जात ती ०.०८ टक्क्यावर आली. त्याच सुमारास इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्येही मोटारींच्या ऑइलमध्ये वाढली. मोटारीला याचा त्रास नव्हता, कारण तिचा क्लच ऑइलपासून दूर, कोरडा असतो.

मोटरसायकलमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लचप्लेटा एकाच ऑइलमध्ये फिरतात. मांडवी पूल ओलांडून मागे गिऱ्हाईक बसवून पर्वरीचा चढ चढताना इंजिनाचा आवाज वाढावा आणि गाडीचा वेग वाढू नये, असे झाले की क्लच सरकतो आहे हे पायलट आवाजावरूनच ओळखतो. अतिनिसरड्या ऑइलमुळे हेच घडते. जपानच्या ‘जासो’ संस्थेने १९९८ साली टी ९०३ हे मानक काढले ते याच गरजेतून. क्लचला पुरेशी पकड देणारे ऑइल एमए आणि कमी घर्षणाचे एमबी, असे त्यात ठरले. २००६ साली एमएचे एमए१ आणि एमए२ असे पोटभाग पडले. एमए२ची पकड अधिक. या मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवला जातो: खालची सीमा कॅम आणि गिअर सांभाळते, वरची कन्व्हर्टरला.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबरच ऑइल जळे आणि गिअरबॉक्सचे ऑइल निराळे असे. १९८५ साली हिरो होंडा सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोकचा वापर वाढत गेला, तसतसे क्लच आणि इंजिन एकाच ऑइलवर चालणाऱ्या गाड्या गोव्याच्या रस्त्यांवरही रुळल्या. किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या गिअरलेस स्कूटरांची गोष्ट वेगळी: त्यांचा क्लच कोरडा आणि पट्ट्याच्या खोक्यात असल्यामुळे त्यांना एमबी चालते, आणि त्याच डब्यातले ऑइल शेजारी उभ्या पायलटच्या मोटरसायकलमध्ये ओतले तर पर्वरीच्या चढावर क्लच सरकू लागण्याचा धोका असतो.