परसबागेतील वांग्याच्या वाणांची पार्श्वभूमी

परसबागेसाठी वांग्याचे बियाणे घ्यायला गेल्यावर समोर येणाऱ्या पाकिटांत संकरित वाणांची संख्या अलीकडे जास्त असते आणि त्यांवर उत्पादन, चकाकी व टिकाऊपणा यांची जाहिरात ठळक असते. हे गुण बाजारासाठी निवडले गेले आहेत. ज्याला सकाळी तोडलेले वांगे दुपारी रांधायचे आहे, त्याला त्यांतले निम्मे निरुपयोगी आहेत. त्याने पाहायला हवी ती वाणांची जुनी विभागणी, जी मुख्यतः पदार्थ आणि जमीन यांनुसार झालेली होती.

वांग्याच्या मूळ प्रदेशांत भारताची गणना होते आणि त्याचे रानटी नातेवाईक, लहान, कडू फळांची काटेरी झुडपे, आजही माळावर दिसतात. लागवडीत आल्यावर शेतकऱ्यांनी कडवटपणा कमी केला, फळ मोठे केले, रंग-आकार वेगवेगळे राखले. हे वैविध्य किती जुने आहे याची एक खूण सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात सापडते. त्यात कोंबडीच्या अंड्यासारख्या पांढऱ्या वांग्याची वेगळी नोंद असून ते मूळव्याधीत विशेष हितकर, पण एरवी नेहमीच्या वांग्यापेक्षा गुणांनी कमी, असे म्हटले आहे. आज हेच पांढरे वांगे गच्चीवरच्या बागेत नवलाई म्हणून लावले जाते, याची गंमत वाटते.

महाराष्ट्रात ही विभागणी अजून टिकून आहे. पुणे, नगर, सोलापूर या पट्ट्यात जांभळ्या रंगावर पांढरे पट्टे असलेली, काटेरी देठाची गोल वांगी चालतात, कारण तिथे भरल्या वांग्याला मान आहे आणि चार चिरा देऊन मसाला भरला तरी फळ फुटता कामा नये. सांगली-साताऱ्याकडे कृष्णाकाठच्या वांग्यांचे नाव निघते. खानदेशात मात्र सगळा हिशेब भरिताचा. तिथले वांगे मोठे, फिकट हिरवे, पांढरट रेषांचे, कमी बियांचे असते. कापसाच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर ते भाजतात, साल सहज सुटते आणि आतला गर लोण्यासारखा ठेचला जातो. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कर्नाटकातल्या उडुपीजवळच्या मट्टू गावच्या हिरव्या गोल ‘गुळ्ळा’ वांग्यालाही असेच मानांकन आहे.

कृषी संशोधन संस्थांनी या स्थानिक साठ्यातूनच निवड करून सुधारित वाण दिले. पुण्याजवळच्या मांजरीचे नाव मिरवणारा ‘मांजरी गोटा’ हे त्याचे महाराष्ट्रातले सर्वांत ओळखीचे उदाहरण. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले. त्याच्या शिफारशींत झुपक्यांनी फळणारी ‘वैशाली’, अंडाकृती, पट्टेदार ‘प्रगती’ आणि ‘कृष्णा’ हा संकरित वाण ही नावे वर्षानुवर्षे आढळतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा’ वाणांनी, विशेषतः लांब जांभळ्या ‘पुसा पर्पल लाँग’ने, उत्तरेची आवड देशभर नेली. कोकण-गोव्यातल्या दमट हवेत आणि आम्ल जमिनीत जिवाणूजन्य मर रोगाने उभी झाडे अचानक कोमेजतात. तिथल्या परसबागेसाठी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे, या रोगाला प्रतिकारक असलेले ‘अर्का केशव’, ‘अर्का निधी’ आणि ‘अर्का नीलकंठ’ हे वाण चवीच्या आधी विचारात घ्यावेत, असे माझे मत आहे. झाडच उरले नाही तर चवीची चर्चा कशाला?

शेंडे व फळे पोखरणारी अळी हा या पिकाचा जुना शत्रू. तिच्यावर उपाय म्हणून महिको या बियाणे कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला, म्हणजे अळीला मारक अशा जिवाणूचे जनुक घातलेल्या वांग्याला, ऑक्टोबर २००९ मध्ये नियामक समितीने हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. विरोधातला एक मुद्दा स्थानिक वाणांच्या वैविध्याचा होता. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये तिथल्या बीटी वाणांना परवानगी दिली. भारतातल्या परसबागेत अजूनही कीडका शेंडा दिसताच खुडून नष्ट करणे हाच भरवशाचा उपाय आहे.

संकरित आणि सरळ, म्हणजे संकर न केलेल्या, वाणांतला फरक घरच्या लागवडीत बियाण्यापाशी येऊन ठेपतो. संकरित झाडाच्या फळांतून धरलेल्या बियांपासून पुढच्या वर्षी एकसारखी रोपे मिळत नाहीत. सरळ वाणाचे बी धरता येते, कारण वांगे मुख्यतः स्वपरागित आहे. पण परागकण परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतात आणि भुंग्यांच्या थरथरीने ते शेजारच्या झाडापर्यंतही पोहोचतात. म्हणून मांजरी गोटा आणि भरिताचे हिरवे वांगे एकाच वाफ्यात असतील, तर बियाण्यासाठी राखायच्या फुलावर उमलण्याआधीच मलमलीची पिशवी बांधावी, उमलल्यावर फुलाला हलकेच टिचकी मारावी आणि फळ धरल्यावर पिशवी काढून ते झाडावरच पिवळे पडेपर्यंत ठेवावे.