आत्महत्येच्या धोक्यातील व्यक्तीला आधार

जगणे नकोसे झालेल्या माणसाला त्या काळात एकटे पडू न देणे, घातक वस्तू त्याच्या हाताशी न ठेवणे, त्याला उपचारांपर्यंत नेणे आणि नंतरही त्याची विचारपूस करत राहणे, हे सगळे या आधारात येते. तो देणारे बहुधा घरचे, शेजारचे किंवा खोलीवरचे मित्र असतात. डॉक्टरांशी गाठ पुढे पडते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. नाशिक जिल्ह्यात या संकटाची रूपे वेगवेगळी दिसतात. निफाड-दिंडोरीत काढणीला आलेल्या द्राक्षबागेवर गारपीट होते, लासलगावला कांद्याचा भाव कोसळतो आणि सोसायटीचे कर्ज तसेच राहते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी काम सुटते. क्लाससाठी शहरात खोली घेऊन राहणारा मुलगा नापास झाल्याचे घरी सांगू शकत नाही. तरीही ‘कर्जापायी गेला’ एवढ्यावर थांबणे चूक आहे. कर्जासोबत नैराश्य, दारू, जुने दुखणे किंवा घरातली मारहाण असू शकते, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार किंवा मदत मिळते.

‘माझ्यामागे पोरांना बघा’ अशी निरवानिरवीची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, झोप उडणे, फार अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत होणे, ही लक्षणे मनावर घ्यावीत. मग स्पष्ट विचारावे: ‘तात्या, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो ही भीती निराधार आहे. उलट अनेकांना कुणीतरी विचारले याने हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर कसे, कधी असे काही ठरवले आहे का, हेही विचारावे. ठरवले असेल तर त्यांना क्षणभरही एकटे सोडू नये. ‘बायकापोरांचा तरी विचार करा’ हे वाक्य मायेने म्हटलेले असले तरी टाळावे. आपण घरच्यांना ओझे झालो आहोत असे ज्याला आधीच वाटते, त्याचा अपराधभाव त्याने वाढतो.

फवारणीची औषधे आणि गोळ्यांचा साठा कुलपात, शक्य तर दुसऱ्याच्या घरी ठेवावा. तीव्र ऊर्मी बहुधा थोडा वेळ टिकते, म्हणून मधला अडथळा जीव वाचवतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी घटले. कुणी काही घेतले असल्यास घरगुती उपाय करून उलटी काढू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट जवळचे रुग्णालय गाठावे.

ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, अहोरात्र आणि मराठीतही मिळते. समोरासमोर उपचारांसाठी नाशिकचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांचे ‘सिव्हिल’, आहे. पोलीस केसच्या धास्तीने काही घरे रुग्णालयाला टाळतात. मात्र मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झाले नाही तर, तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे, पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

सर्वांत दुर्लक्षित काळ घरी परतल्यानंतरचा. पहिल्या आठवड्यात भेटायला रीघ लागते, मग संकोचाने लोक वाट बदलतात. धोका मात्र पुढचे काही महिने जास्तच असतो. चेन्नईसह पाच देशांतील पाच शहरांत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रयत्नातून वाचलेल्यांशी दीड वर्ष ठराविक अंतराने फोन किंवा भेटीतून संपर्क ठेवला गेला. त्यांच्यातील आत्महत्यांचे प्रमाण असा संपर्क न ठेवलेल्या वाचलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी राहिले. असा संपर्क नातेवाइकांनाही ठेवता येतो: पुढच्या तपासणीला सोबत जावे, गोळ्या चालू आहेत का पाहावे, बागेत छाटणीला बरोबर उभे राहावे. रात्रीची सोबत एकट्या पत्नीवर किंवा आईवर न टाकता भाऊबंदांनी पाळ्या वाटून घ्याव्यात, आणि सांभाळणाऱ्यालाही झोप लागेनाशी झाली तर त्यानेही १४४१६ वर बोलावे.